तीन मुळायची दाढ

...अन् वरून मलेच विचारते, 'काकाजी, सुपारी घेता का?' अरे बाबू, सुपारी काहाले दाखवतं मले! ने ते ताट तिकडं. तुम्ही खा, खुशाल खा, कुडुम-कुडुम आवाज करत खा, मी ऐकतो. तुमची पातोडीची भाजी झाली, भजे झाले, पापड झाले, अन् मी काय खाल्लं? विचारा ना काय खाल्लं! पातळ खिचडी. पाहुणपणाले येऊन मानसानं डब्यातली खिचडी खायची, तीही बायकोनं घरून बांधून आणलेली, वरून तूप सोडून, दात न आलेल्या लेकराले भरवते तशी! हा किसनराव, आंजीचा, ज्याच्या दाढेचं नाव अख्ख्या भावकीत निघत होतं, तो आता चमच्यानं खाते! अन् दोष कोणाचा म्हणान त कोणाचाच नाई. तुम्हाले सांगतो, भानगड एवढीच आहे का दिसते तेवढा दात नसते. अन् हे मले साठी उलटल्यावर समजलं.

आता तुम्ही आमच्या घराण्याचे नाई, तुम्हाले पहिल्यापासून सांगा लागते. सोयरीक जमली का सुपारी फोडते, बरोबर? पोराकडचे बसते, पोरीकडचे बसते, मधात पाट, पाटावर सुपारी, घेतला अडकित्ता, केलं कट्ट, झाली सोयरीक पक्की, वाटा साखर. साऱ्यायच्या घरी असंच होते. आमच्या घरी नाई! आमच्या घरी पोरीची सुपारी पोरीकडचा मोठा मानूस दातानं फोडते. दातानं! काऊन? त माह्या पणजाच्या वेळेस ऐन टायमाले अडकित्ताच सापडेना. बाया फडताळं शोधून राह्यल्या, पाहुणे जांभया देऊन राह्यले, बुढ्याले आला राग, उचलली सुपारी, टाकली दाढेखाली अन् कट्ट! दोन खांडं! पाहुणे म्हणे, 'वा, काय घर आहे!' अडकित्ता मंग निंघाला, पणजाच्याच बंडीच्या खिशातून, पन तोवर रीत पडली होती ना! एका मानसानं खिसा पाह्यला नाई अन् तवापासून आमच्या दाढा कामाले लागल्या.

एक खांड पोराकडचे नेते, लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवते, दुसरं आमच्या देवघरात राह्यते. माह्या बहिणीच्या सुपाऱ्या, पुतण्यायच्या सुपाऱ्या, चुलतभावायच्या पोरीच्या सुपाऱ्या, साऱ्या मीच फोडल्या, उजवीकडच्या खालच्या मोठ्या दाढेनं. डावीकडच्या दाढा त कवाच्याच गेलत्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच बाजूले ठेवत होतो ना मी. मंग डावी बाजू गेल्यावर खर्रा उजवीकडं आणला. आता हसू नका, जागा बदलावीच लागते मानसाले!

तर आली माह्या पोरीची पाळी. वर्षाली. आर्वीच्या शाळेत मास्तरीण आहे, अन् त्याच शाळेत रजत, तळेगावचा, श्यामजी पंताच्या तळेगावचा. दोघायनं आपसात जमवलं अन् मंग घरी सांगितलं. मी खुश! मले चपला झिजवत पोरगा पाहत फिरा लागलं नाई. पोराचे मायबापही खुश. अडली कोण? त्याची आजी, धुरपताबाई. बुढीच्या तोंडात एक दात नाई, सुपारी खलबत्त्यात कुटून खाते, पन घरात तिचा शब्द! म्हणे, 'पोट्ट्यायनं आपल्या मनानं ठरवलं, ठरवू दे. पन सुपारी रीतीनं फुटली पाहिजे, अन् एका घावात. नाई फुटली त मी उठून जाईन.' अन् खरंच जाते हो! मागं तिच्याच एका नातीच्या वेळेस सुपारी अडकित्त्यातून सटकली, घरंगळत खाटेखाली गेली. बुढीनं चपला घातल्या, नातीचा हात धरला अन् घरी! मोडली सोयरीक! त्या खाटेखालच्या सुपारीले अजून कोणी काढलं का नाई, देव जाणे.

वर्षाली मले म्हणे, 'बाबा, एकाच घावात फुटन ना हो?' आता ह्या पोरीचं काय सांगू... लहान होती तवा तिले ऊस मीच दातानं सोलून देत होतो, आवळकाठी फोडून देत होतो, बोराच्या आठोळ्या फोडून आतला दाणा देत होतो. तिले वाटे का बापाच्या दातानं जगात काईबी फुटते. म्हटलं, 'तू काहाले घाबरतं? तुह्या बापाची दाढ आहे ते!' असं म्हटलं, वर भाकरीचा तुकडा टाकला तोंडात, चावला, अन् मायबाई... अशी कळ गेली अशी कळ गेली, दाढेतून कानात, कानातून टाळूत! वर्षाली म्हणे, 'काय झालं?' म्हटलं, 'मिरची लागली.' ताटात मिरचीच नव्हती.

लवंग झाली, तुरटी झाली, हिंग झाला. माहा चुलतभाऊ तानबा आला. तानबा म्हणजे मानूस चांगला, पन नजर माह्या दाढेवर. म्हणे, 'दादा, तुम्हाले जमत नसन त सुपारीले मी हाव ना!' अरे, तुह्या तोंडात चार दाढा, त्या बी वरच्या, तू सुपारी फोडशीन कशावर, हवेवर? पन मनातून मी हाललो. तानबाले भनक लागली म्हणजे गावाले लागली, गावाले लागली म्हणजे तळेगावले लागली. म्हणून घरी सांगितलं, युरिया पाह्यले जातो, अन् चुपचाप पिपरी मेघेले गेलो, दाताच्या दवाखान्यात.

डॉक्टर कोण? दीपमाला मॅडम. पोरगीच आहे, आमच्या वर्षालीएवढी. पन समजावून सांगायची हौस अशी का बस! तिच्यापाशी एक प्लास्टरचा दात, हा एवढा, खलबत्त्याएवढा, मधातून उघडते. उघडला अन् म्हणे, 'काकाजी, हा वरचा पांढरा थर पाहा. हे दाताचं कवच. अख्ख्या शरीरात ह्याच्याइतकं कडक काही नाही. हाडसुद्धा नाही.'

म्हटलं, 'एवढं कडक आहे त दुखते काहाले?'

'हे दुखत नाहीच. ह्याच्यात जीव नसतो. आणि एकदा झिजलं की परत येत नाही. ह्याच्या खाली हा पिवळसर भाग आहे ना, ह्याच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, थंड-गरम त्यातून आत पोचतं. आणि ही मधली पोकळी. ह्याच्यात शीर, ह्याच्यात रक्त. दाताचा जीव इथं.'

म्हटलं, 'म्हणजे बाहेरून दगड अन् अंदर लेकरू.'

मॅडम हसली. म्हणे, 'तसंच समजा. आणि काकाजी, दिसतो तेवढा दात नसतो.' अन् तिनं त्या प्लास्टरच्या दाताचं खालचं झाकण काढलं. बाप्पा! वर एवढासा, अन् खाली मुळं त्याच्या दुप्पट! मी साठ वर्ष ज्याले दात म्हणून राह्यलो, तो निस्ता शेंडा होता! म्हटलं, 'हे मुळं हाडाले चिकटून असते?' म्हणे, 'नाही ना! बारीक बारीक धाग्यांनी टांगलेली असतात. चावताना दात किंचित दबतो, म्हणून तर भातातला खडा लगेच कळतो.' म्हणजे खाटेवानी! सुतळीवर तोललेला! आता मले सांगा, आपुन वावरात कापसाची पराटी उपटतो, मूळ कुठवर गेलं ते पाह्यतो, तुरीचं मूळ पाह्यतो, अन् आपल्याच तोंडात काय पेरलेलं आहे हे कोणीच पाह्यत नाई! दिसते तेवढा दात नसते, हे पहिलीच्या पुस्तकात काऊन नाई?

मंग तिनं मुळं मोजून दाखवली. समोरच्या दाताले एक. खालच्या दाढेले दोन. वरच्या दाढेले तीन. म्हटलं, 'वरच्याले एक जास्त काऊन?' मीच म्हटलं, 'बरोबर आहे, तो उलटा लटकते ना बिचारा.' तिनं माह्या दाढेचा फोटो काढला, अन् फोटो पाहून अशी उभी राह्यली! 'अरे वा! काकाजी, तुमच्या खालच्या दाढेला तीन मुळं आहेत! हे बघा, आतल्या बाजूला, लहानसं, वाकडं. क्वचित कोणाला असतं. मला हे आमच्या सरांना दाखवायचंय.'

तुम्हाले सांगतो, माही छाती अशी फुगली! दोन मुळं त साऱ्यायलेच असते! मी गावात आलो अन् राह्यवलं नाई, तानबाले सांगितलं. म्हणजे दुखते हे नाई सांगितलं, तीन मुळं सांगितले. म्हटलं, 'सहज तपासाले गेलतो, त असं निंघालं.' तानबा घरी गेला, आरसा घेतला, तोंड उघडलं अन् आपले मुळं मोजून राह्यला! अरे येड्या, मुळं आरशात दिसते काय? दिसते तेवढा दात नसते!

पन खरी गोष्ट पुढंच आहे. मॅडमनं दाढेवर उजेड धरला अन् बारीक आरसा आत घातला. म्हणे, 'ही भेग दिसते का? उभी चाललीय. काय कडक खाता तुम्ही?'

'काई नाई. निस्ती सुपारी.'

'दिवसातून किती खाता?'

'खात नाई बाई, फोडतो.'

तिनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. मी सारी रीत सांगितली, पणजाचा अडकित्ता सांगितला. ती म्हणे, 'काकाजी, आतली शीर काढून, मुळं साफ करून, वर टोपी बसवू, दाढ वाचेल. पण सुपारी आजपासून बंद. आता एकदा जोर दिलात ना, तर उभी चिरेल, मुळासकट. मग मी काही करू शकणार नाही. आज सुरू करू?'

म्हटलं, 'आज नाई. पोरीचं जमलं का येतो.'

'आज काय अडचण आहे?'

'दाढ कामात आहे.'

आता तुम्ही म्हणान, काऊन नाई सांगितलं? तानबाले काऊन नाई देला मान? अडकित्ता काऊन नाई घेतला? अडकित्ता घेतला असता त बुढी म्हणाली असती, ह्यायच्या घरची रीत ह्यायनंच मोडली. तानबाले देला असता त सुपारी खाटेखाली. अन् खरं सांगू? मान-बिन काई नव्हता मनात. पोरगी विचारून राह्यली होती ना, 'एकाच घावात फुटन ना?' आता बोराची आठोळी ज्या बापानं फोडून देली त्यानं पोरीले कसं सांगाव, बाई, आता फुटत नाई म्हणून? मले नाई जमलं.

तर आला तो दिवस. अंगणात मांडव, सतरंज्या, पाहुणे. पाट मांडला. मी म्हटलं, सुपारी आपली असन त पाहून-पाहून मऊ काढू, भिजत घालू रातभर. कुठची! धुरपताबाईनं कमरेची चंची सोडली अन् स्वतः आणलेली सुपारी काढली. आवळ्याएवढी! तिले हळद लावली, कुंकू लावलं अन् माह्या हातात देली. म्हणे, 'घ्या इवाई. पाहू आंजीचे दात.'

सारे पाटाभोवती सरकले. रजत घाम पुसून राह्यला. दारात वर्षाली, मायच्या मागं, पदर मुठीत. तानबा त तोंड वासून, जसा तोच फोडून राह्यला! मी सुपारी दाढेखाली टाकली, डोळे मिटले, मनात म्हटलं, बाई, तीन मुळं आहे तुले, दुसऱ्यायवानी दोन नाई, आज इज्जत ठेव. अन् देला जोर...

कट्ट!

'फुटली! फुटली!' टाळ्या! साखर निंघाली! तानबा नाचून राह्यला! अन् मी? मी बसलो तसाच. काऊन का आवाज वेगळा होता हो! सुपारी फुटली का आवाज बाहेर जाते. हा अंदर गेला. मधातल्या पोकळीतलं ते लेकरू, ते असं बोंबललं, असं बोंबललं... जिभेनं चाचपलं. सुपारी गोल! आख्खी! जशीच्या तशी! अन् तिच्या बाजूले दुसरंच काईतरी पडलेलं. माह्या डोळ्याले धारा लागल्या. बाया म्हणे, 'बापाचं मन आहे, पोरगी जाणार ना!' तळेगावचे दोघं-तिघं डोळे पुसाले लागले. मी काय सांगू त्यायले!

तेवढ्यात बुढी म्हणे, 'इवाई, खांड दाखवा.'

आता? सुपारी दाखवावी त आख्खी. सोयरीक खलास. मी जिभेनं सुपारी गालात सारली अन् जे तुटलं होतं ते तळहातावर काढलं. अन् तुम्हाले सांगतो, आयुष्यभराचा खर्रा त्या दिवशी कामी आला! वरून कथ्थई, अंदरून पांढरं-पिवळं, त्याले हळद, त्याले कुंकू, अन् जे लाल कुंकवाचं नव्हतं तेही कुंकवातच गेलं. हुबेहूब सुपारीचं खांड! रजतचा बाप म्हणे, 'झकास फुटली!' पन बुढीनं ते आपल्या हातात घेतलं. अंगठ्यानं चाचपलं. उलटं केलं. अन् खालून निंघालं काय? मूळ! ते तिसरं, लहानसं, वाकडं! सुपारीले मूळ असते काय कुठं?

बुढीनं मुळाकडं पाह्यलं. माह्या फुगलेल्या गालाकडं पाह्यलं. मंग दाराकडं, वर्षालीकडं पाह्यलं. पोरीचा चेहरा असा झालता, पांढराफटक. मी म्हटलं, गेलं. आता चपला घालते बुढी. दाढ बी गेली अन् सोयरीक बी गेली.

बुढीनं मूठ मिटली. अन् अशी ओरडली का मांडव हालला, 'एका घावात फुटली! काय पाहून राह्यले तोंडाकडं? वाटा साखर!'

मी पाया पडाले वाकलो त कानापाशी आली. म्हणे, 'किसनराव, माह्या सुपारीच्या टायमाले माह्या बापानं अडकित्ता बी स्वतः धरला नाई. शेजाऱ्याले धराले लावला. तुम्ही मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा आता, अन् हसतमुख राहा.' मी गालातल्या गालात म्हटलं, 'अन् दुसरं खांड? आमच्या देवघरातलं?' म्हणे, 'ते त तुमच्याचपाशी आहे. जबड्यात.'

बरं, पाहुणे गेल्यावर सुपारी गालातून काढली, रुमालात बांधली, खिशात ठेवली. आमच्या घरच्या मानसायले खिसा पाह्यची सवय नाई हे मी विसरलो नव्हतो, पन माही बायको आनंदाबाई दुसऱ्या घरून आलेली आहे ना! धुवाले कपडे घेतले अन् सुपारी निंघाली. आख्खी, हळदकुंकवासकट. तिनं सुपारीकडं पाह्यलं. माह्या गालाकडं पाह्यलं. सुपारी धुतली, देवघरात ठेवली अन् चुलीवर पातळ खिचडी टाकली. तवापासून जे सुरू झालं ते आजपर्यंत.

मंग गेलो पिपरी मेघेले. मॅडमनं पुन्हा फोटो काढला. जुना फोटो एका हातात, नवा एका हातात. सरायले दाखवायचं होतं ना तिले! म्हणे, 'काकाजी... तिसरं मूळ कुठं आहे?'

म्हटलं, 'तळेगावले.'

'काय?'

'तळेगावले देलं. सोयरिकीत.'

ती स्टुलावर बसली. सारं ऐकलं. हसावं का रडावं तिले समजेना. मंग म्हणे, 'काकाजी, वरचं गेलं म्हणजे दात गेला असं नाही. खाली दोन मुळं आहेत अजून, ती ठेवता येणार नाहीत, पिकतील.' घेतला चिमटा. अन् ते मुळं निंघते काय! ती इकडून हालवते, तिकडून हालवते, म्हणे, 'किती घट्ट आहेत!' म्हटलं, 'बाई, घरी पराटी उपटायचा चिमटा आहे, आणू?' माहं तोंड बधिर होतं, तेही तिले समजलं नाई. शेवटी निंघाली. कागदात बांधून देली मले. बांधावर नेऊन पुरली मी, काळ्या मातीत. काई गेल्यासारखं नाई वाटलं, काईतरी पेरल्यासारखं वाटलं.

लग्न झालं. मस्त झालं. पोरगी सुखात आहे. पन एक गोष्ट सांगतो, दाढ गेली ना, त जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते. बसलो का जाते, झोपलो का जाते. काई नसते तिथं, तरी जाते. घरातही तसंच झालं. तिच्या खोलीपाशी पाय जाते अन् थांबते. तवा समजलं का मॅडम खरं बोलली होती. दिसते तेवढा दात नसते. पोरगीही नसते.

परवा वर्षालीचा फोन. 'बाबा, तुम्हाले सांगते, आजी रोज देवघरातल्या त्या लाल पुडीले उदबत्ती लावते. कोणाले उघडू देत नाई. म्हणे, अशी सुपारी जन्मात पाह्यली नाई! अन् आज सणाचा नैवेद्य दाखवला बाबा, पहिले पुडीले, मंग देवाले!'

म्हटलं, 'कशाचा नैवेद्य?'

म्हणे, 'पुरणपोळीचा. अन् भजे, कुरकुरीत.'

आता बोला! जिले मी जन्मभर खर्रा खाऊ घातला, ते तिकडं देवघरात बसून भजे खाऊन राह्यली! अन् मालक इकडं... आनंदे, तो डबा आण बाई इकडं. थोडी खिचडी उरली असन बुडाशी. तूप गोठलं असन त गोठू दे, त्याले का चावा लागते!